प्रश्नोत्तर समुदायांतील स्वयंसेवकांचे श्रेय आणि मोबदला

सॉफ्टवेअर लिहिताना किंवा वापरताना येणाऱ्या अडचणींची उत्तरे इंटरनेटवर विनामूल्य देणाऱ्या व्यक्तींना स्वयंसेवी उत्तरदाते म्हणतात. त्यांच्या श्रमाची नोंद कशी ठेवावी, त्यांना कोणत्या स्वरूपात श्रेय द्यावे आणि ते न्याय्य आहे की नाही हे कसे ठरवावे, या प्रश्नांचा विचार स्वयंसेवकांचे श्रेय आणि मोबदला या विषयात केला जातो. प्रतिष्ठा-गुण, पदके, विशेषाधिकार, वस्तुरूप भेटी, रोख रक्कम आणि जाहीर कृतज्ञता हे श्रेयाचे प्रचलित प्रकार आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाची गुणपद्धती या क्षेत्रात सर्वाधिक अभ्यासली गेली आहे. मराठी भाषकांच्या संदर्भात हाच प्रश्न मुख्यतः मराठी विकिपीडियावरील लेखन आणि त्यासाठीच्या स्पर्धा यांच्या निमित्ताने पुढे येतो.

श्रेय किती मोठे आहे, एवढ्यावर त्याची न्याय्यता ठरत नाही. कोणते काम मोजले जाते, कोणते मोजले जात नाही, मोजण्याचे नियम कोण ठरवतो आणि त्या कामातून पुढे पैसा निर्माण झाल्यास करणाऱ्याची संमती विचारली जाते का, या चार बाबी त्यात निर्णायक ठरतात.

## स्वरूप

एखाद्या विद्यार्थ्याने शाळेच्या पटासाठी छोटी आज्ञावली लिहिली. पण मराठी नावे साठवल्यावर त्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसू लागली, असे समजू. तो आपली अडचण समुदायात मांडतो. तिऱ्हाईत गावातील एखादी अनुभवी व्यक्ती ती वाचते, तसाच बिघाड स्वतःच्या संगणकावर घडवून पाहते आणि सांगते, की विदागारातील तक्ता व त्याच्याशी होणारी जोडणी या दोन्ही ठिकाणी युनिकोडची यूटीएफ-८ ही संकेतपद्धती निवडलेली असली पाहिजे. या उत्तरासाठी तिचा अर्धा तास खर्ची पडतो. ते उत्तर मात्र तेथेच राहते. पुढे हीच अडचण आलेले कितीतरी लोक शोधयंत्राच्या साहाय्याने तेथे पोहोचतात आणि काही न बोलता आपले काम भागवून निघून जातात.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत असे उत्तर ही एक सार्वजनिक वस्तू असते. एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि वापरणाऱ्याला अडवणेही शक्य नसते. त्यामुळे लाभ घेणारे पुष्कळ आणि निर्माण करणारे थोडे, अशी स्थिती उद्भवते. श्रेयपद्धतीचा हेतू या थोड्यांना टिकवून धरणे आणि त्यांच्यात नव्यांची भर घालणे हा असतो.

उत्तर देणे हे या कामाचे केवळ दृश्य रूप होय. धूसर प्रश्न सुबोध करणे, जुन्या उत्तरांतील कालबाह्य भाग दुरुस्त करणे, तोच प्रश्न पूर्वी विचारला गेला असल्यास त्याकडे निर्देश करणे, जाहिरातबाजी हटवणे, नवख्याला प्रश्न कसा मांडावा हे न चिडता समजावणे, ही कामेही समुदाय चालण्यास तितकीच आवश्यक असतात.

## पूर्वपीठिका

### ग्रामीण परस्परसाहाय्य

मोबदल्याविना किंवा पैशाविना काम करण्याच्या प्रथा महाराष्ट्राला नव्या नाहीत. इर्जिक या प्रथेत गावातील शेतकरी आपापली अवजारे व बैल घेऊन एखाद्याच्या शेतावर एकत्र जमत, काम उरकत आणि यजमान त्यांना जेवण देई. कोणी किती तास राबले याचा हिशेब मांडला जात नसे. सावड या प्रथेत मात्र हिशेब असे: आज माझ्या शेतावर जितके दिवस काम झाले तितके दिवस मी तुझ्या शेतावर येईन. तिसरा प्रकार रोखीच्या रोजमजुरीचा.

ऑनलाइन समुदायांतील श्रेयपद्धतींचीही याच तीन प्रकारांत विभागणी करता येते. नुसत्या आभारावर चालणारे समुदाय इर्जिकीच्या, गुणांची देवघेव करणारे समुदाय सावडीच्या, तर प्रत्येक उत्तराची किंमत ठरवणाऱ्या सेवा मजुरीच्या जवळ जातात. साम्याला एक मर्यादाही आहे. इर्जिकीत मदत घेणारा व देणारा एकमेकांना ओळखत असत आणि उपकार विसरणाऱ्याची गावात नोंद होई. इंटरनेटवर ही ओळख नसते. म्हणून स्मरणाची जागा गुणांच्या नोंदवहीने घेतली.

### इंटरनेटवरील वाटचाल

१९८० मध्ये सुरू झालेल्या यूजनेट या संदेशजालावर संगणकतज्ज्ञ एकमेकांच्या शंकांचे निरसन करीत. तेथे गुण किंवा पदके नव्हती. नाव होणे हाच लाभ. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र संकलित करण्याचा प्रघात तेथेच रुजला. १९९६ च्या सुमारास एक्सपर्ट्स एक्सचेंज या सेवेने प्रश्नाला गुण जोडण्याची पद्धत आणली.

गूगलने २००२ मध्ये सुरू केलेल्या गूगल आन्सर्स या सेवेत प्रश्नकर्ता २ ते २०० डॉलर इतकी किंमत लावत असे आणि तिचा तीन-चतुर्थांश हिस्सा उत्तर शोधणाऱ्याला मिळे. ही सेवा २००६ मध्ये नवे प्रश्न स्वीकारेनाशी झाली. २००५ मध्ये सुरू झालेली याहू आन्सर्स ही विनामूल्य सेवा त्यानंतरही चालू राहिली व २०२१ मध्ये बंद झाली. जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोची स्थापना केली. उत्तरे सर्वांना खुली, देणाऱ्याला पैसे नाहीत, पण प्रत्येक उपयुक्त कृतीची सार्वजनिक नोंद, अशी त्याची रचना होती.

## श्रेयाचे प्रकार

### प्रतिष्ठा-गुण

स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तराला मिळालेल्या प्रत्येक अनुकूल मताबद्दल लेखकाला १० गुण मिळतात. प्रश्नकर्त्याने उत्तर स्वीकारल्यास आणखी १५ गुण मिळतात, तर स्वीकारणाऱ्या प्रश्नकर्त्याच्या खाती २ गुण जमा होतात. प्रतिकूल मतामुळे लेखकाचे २ गुण कमी होतात. मात्र उत्तराविरुद्ध मत देणाऱ्यालाही १ गुण गमवावा लागतो, जेणेकरून कोणी उगाच विरोध करू नये. मतांमधून एका दिवसात जास्तीत जास्त २०० गुण मिळवता येतात. स्वीकृत उत्तराचे गुण या मर्यादेबाहेर असतात.

### विशेषाधिकार

गुण साठतील तसे अधिकार वाढतात. १५ गुणांनंतर अनुकूल मत देता येते, ५० नंतर कोठेही टिप्पणी करता येते, २,००० नंतर इतरांचे लेखन थेट सुधारता येते आणि ३,००० नंतर अयोग्य प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येते. येथे बक्षीस म्हणून अधिक जबाबदारीच दिली जाते.

### पदके आणि बक्षीस-गुण

कांस्य, रौप्य व सुवर्ण पदके विशिष्ट कृतींसाठी मिळतात. बराच काळ अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी सदस्य स्वतःच्या खात्यातील ५० ते ५०० गुण बक्षीस म्हणून लावू शकतो. उत्तर न मिळाले तरी ते गुण परत मिळत नाहीत.

### जाहीर कृतज्ञता

विकिपीडियावर गुण नसतात. तेथे एक सदस्य दुसऱ्याच्या चर्चापानावर बार्नस्टार नावाचे तारांकित गौरवचिन्ह लावतो. त्यासाठी समिती किंवा पात्रतेची अट नसते. देणाऱ्याने कारण लिहावे एवढीच अपेक्षा असते. मराठी विकिपीडियावरही अशी गौरवचिन्हे दिली जातात.

### रोख रक्कम आणि विद्यावेतन

गूगल समर ऑफ कोड या २००५ पासून चालणाऱ्या उपक्रमात मुक्त-स्रोत प्रकल्पांवर काम करणाऱ्यांना विद्यावेतन दिले जाते. २०१७ पासून ही रक्कम त्या-त्या देशातील क्रयशक्तीनुसार ठरू लागली. एकाच प्रकारच्या कामासाठी भारतीय सहभागीला अमेरिकी सहभागीपेक्षा कमी रक्कम मिळणे न्याय्य आहे का, याविषयी दोन मते आहेत. समान काम तर समान दाम, हे एक. त्याच रकमेची स्थानिक किंमत वेगळी असते, हे दुसरे.

## प्रेरणेविषयीचे संशोधन

बक्षीस दिले की काम वाढते, ही समजूत स्वयंसेवेच्या बाबतीत सरसकट खरी ठरत नाही. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोडे सोडवण्याबद्दल पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा त्या कोड्यातील स्वाभाविक रस पैसे थांबल्यावर घटलेला दिसला. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी २००० मध्ये मांडलेल्या अभ्यासात दारोदार देणग्या गोळा करणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांचे तीन गट होते. एका गटाला काहीच मिळणार नव्हते, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्क्याइतका आणि तिसऱ्याला १० टक्क्यांइतका मोबदला मिळणार होता. सर्वाधिक देणग्या विनामोबदला गटाने जमवल्या आणि सर्वांत कमी १ टक्का मिळणाऱ्या गटाने. तुटपुंज्या मोबदल्यामुळे सत्कार्याचे रूपांतर कमी पगाराच्या नोकरीत होते, असा याचा अर्थ लावला जातो.

रिचर्ड टिटमस यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात रक्तदानाच्या संदर्भात असाच युक्तिवाद केला होता. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत १९९८ पासून बंद झाली. गावोगावच्या रक्तदान शिबिरांत दात्याला मिळणारे प्रमाणपत्र हे या दृष्टीने प्रतीकात्मक श्रेयाचे परिचित उदाहरण होय.

प्रतीकात्मक श्रेय प्रभावी ठरू शकते, असे पुढील संशोधन दर्शवते. मायकेल रेस्टिव्हो आणि आर्नाउट व्हॅन डी राइट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी विकिपीडियावरील सर्वाधिक सक्रिय १ टक्का संपादकांमधून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १०० जणांना बार्नस्टार दिले. न दिलेल्या गटाच्या तुलनेत त्यांचे योगदान सुमारे ६० टक्क्यांनी अधिक आढळले. याना गालुस यांनी जर्मन भाषेतील विकिपीडियावरील नवागतांवर केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, गौरव मिळालेले सदस्य टिकून राहण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलेले दिसले.

स्टॅक ओव्हरफ्लोच्या पदकांविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र वेगळी बाजू पुढे आली. पदक जवळ येताच सदस्य त्यासाठी लागणारी कृती अधिक प्रमाणात करतात आणि पदक हाती पडताच तिचे प्रमाण उतरते. पदक माणसाला काम करायला लावतेच. शिवाय कोणते काम करावे, हेही तेच ठरवते.

## न्याय्यतेचे प्रश्न

### वेग विरुद्ध सखोलता

प्रथम आलेल्या उत्तराला मते मिळवण्यासाठी अधिक वेळ मिळतो. त्यामुळे दोन ओळींचे घाईचे उत्तर पुढे जाते आणि तासभर खपून, तपासून लिहिलेले उत्तर मागे पडते. संथ इंटरनेट असलेल्या गावातील किंवा दुसऱ्याच्या भाषेत सावकाश लिहिणाऱ्या उत्तरदात्याला याचा फटका अधिक बसतो. स्वीकृत उत्तर नेहमी सर्वांत वर ठेवण्याची प्रथा स्टॅक ओव्हरफ्लोने २०२१ मध्ये बदलली, कारण प्रश्नकर्त्याने स्वीकारलेले उत्तर सर्वोत्तम असतेच असे नाही.

### सोप्या प्रश्नांचा लाभ

लोकप्रिय संगणकभाषेतील प्राथमिक शंकेचे उत्तर लाखो लोक वाचतात. दुर्मीळ आणि अवघड बिघाडाचे उत्तर मोजके वाचतात. मते वाचकांच्या संख्येवर अवलंबून असल्याने श्रम आणि श्रेय यांचे प्रमाण उलटे होऊ शकते. अर्थात, पुष्कळांच्या उपयोगी पडणे हेही मूल्यच आहे. म्हणून ही त्रुटी आहे की गुण, यावर एकमत नाही.

### आधीच्यांचे झुकते माप

प्रारंभीच्या वर्षांत दाखल झालेल्या सदस्यांनी मूलभूत प्रश्नांची उत्तरे देऊन टाकली. त्या उत्तरांवर त्यांना अजूनही गुण मिळत राहतात, तर नव्या सदस्यांच्या वाट्याला उरलेले अवघड प्रश्न येतात. ज्याच्यापाशी आहे त्यालाच अधिक मिळते, या प्रवृत्तीला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये मॅथ्यू परिणाम असे नाव दिले.

### अदृश्य काम

गुण मुख्यतः प्रश्न व उत्तरांना मिळतात. नवख्या सदस्याने सुचवलेली दुरुस्ती मान्य झाल्यास २ गुण मिळतात. परंतु टिप्पणीतून केलेले मार्गदर्शन, पुनरावृत्तीचा शोध किंवा जाहिराती हटवणे यांना गुण नाहीत. घरात स्वयंपाक आणि आवराआवर करणाऱ्यांचे श्रम जसे हिशेबात येत नाहीत, तसेच हे आहे.

### प्रश्नाचे मोल

२०१० ते २०१९ या काळात स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्नाला मिळालेल्या अनुकूल मताचे ५ गुण, तर उत्तराला मिळालेल्या मताचे १० गुण होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की पुरुष सदस्य तुलनेने अधिक उत्तरे देतात व स्त्री सदस्य तुलनेने अधिक प्रश्न विचारतात. त्यामुळे उत्तराला झुकते माप देणारा नियम दोघांच्या गुणांतील तफावत वाढवतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रश्नाच्या मताचेही १० गुण करण्यात आले. नियम कोणाचेही नाव न घेता लिहिलेला असला, तरी त्याचा परिणाम सर्वांवर सारखा होईलच असे नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

### मोजमापाचा विपर्यास

एखादे मोजमाप हेच ध्येय बनले की ते मोजमाप म्हणून निरुपयोगी ठरते, या आशयाचा सिद्धांत ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. दोन खाती उघडून स्वतःलाच मते देणे, मित्रमंडळींनी आपसांत मते वाटणे, इतरांचे उत्तर थोड्या फरकाने पुन्हा लिहिणे हे त्याचे नित्य आढळणारे प्रकार होत.

हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमाचे उदाहरण विशेष बोलके आहे. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये मुक्त-स्रोत प्रकल्पांना हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देत असे. २०२० मध्ये टी-शर्टसाठी चार बदल सुचवणे पुरेसे होते. १ ऑक्टोबरपासूनच अनेक प्रकल्पांवर एखादा शब्द किंवा विरामचिन्ह बदलणाऱ्या निरर्थक सूचनांचा वर्षाव झाला. त्या निस्तरण्याचे काम प्रकल्प सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांच्याच गळ्यात पडले. ३ ऑक्टोबरला आयोजकांनी नियम बदलला आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून तयारी दर्शवली, तेथीलच सूचना ग्राह्य धरल्या. एका स्वयंसेवकाला दिलेल्या बक्षिसाची किंमत दुसऱ्या स्वयंसेवकाने मोजू नये, हा यातून निघालेला धडा होय.

## मालकी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

स्टॅक ओव्हरफ्लोवरील लेखन क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांपैकी एका परवान्यान्वये प्रसिद्ध होते. ते कोणीही वापरू शकतो. मात्र लेखकाचा नामनिर्देश करणे आणि पुढील रूपांतर त्याच परवान्याखाली ठेवणे बंधनकारक असते. २०२१ मध्ये प्रोसस या कंपनीने स्टॅक ओव्हरफ्लो सुमारे १.८ अब्ज डॉलरना विकत घेतले. ज्या उत्तरांमुळे हे मूल्य निर्माण झाले ती लिहिणाऱ्यांच्या हाती गुण व पदकेच राहिली. संकेतस्थळ उभारणे, चालवणे आणि सुरक्षित ठेवणे यासाठी कंपनीने भांडवल घातले, हेही तितकेच खरे आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी प्रसिद्ध झाल्यानंतर लगेचच, त्याने लिहिलेली उत्तरे देण्यास स्टॅक ओव्हरफ्लोवर मनाई करण्यात आली. अशी उत्तरे वरवर सुबक, पण अनेकदा चुकीची असत आणि ती पारखण्याचा भार स्वयंसेवकांवर पडत असे. पुढे ही उत्तरे हटवण्याच्या नियंत्रकांच्या अधिकारावर कंपनीने मर्यादा घातल्याने जून २०२३ मध्ये अनेक नियंत्रकांनी काम थांबवले. वाटाघाटींनंतर ऑगस्टमध्ये हा संप मिटला. बिनपगारी लोकांचा संप हा वरकरणी विरोधाभास वाटतो. परंतु त्यांची मागणी पगाराची नव्हती, निर्णयात विचारले जाण्याची होती.

मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो आणि ओपनएआय यांनी भागीदारी जाहीर केली. त्याच्या निषेधार्थ काही सदस्यांनी आपली जुनी उत्तरे पुसण्याचा किंवा बदलण्याचा प्रयत्न केला. ती पूर्ववत करण्यात आली आणि काहींची खाती तात्पुरती निलंबित झाली. परवान्याच्या अटींनुसार एकदा दिलेले लेखन परत घेता येत नाही. तरीही माणसांना मदत म्हणून लिहिलेले उत्तर यंत्राच्या शिक्षणासाठी विकले जाणे मूळ संमतीत बसते का, हा वाद त्यामुळे ऐरणीवर आला. यंत्राने दिलेल्या उत्तरात मूळ लेखकाचे नाव बहुधा दिसत नाही आणि नामनिर्देश हाच तर या व्यवहारातील एकमेव मोबदला होता, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे.

## मराठी संदर्भ

स्टॅक ओव्हरफ्लोच्या इंग्रजीखेरीज पोर्तुगीज, रशियन, जपानी आणि स्पॅनिश या भाषांतील आवृत्त्या निघाल्या. कोणत्याही भारतीय भाषेत ती निघाली नाही. त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या तरुणाला शंका विचारण्यासाठीही आणि उत्तर देऊन नाव मिळवण्यासाठीही इंग्रजीचाच आधार घ्यावा लागतो. विषयाचे ज्ञान असूनही भाषेच्या अडथळ्यामुळे त्याचे श्रेय गुणांत उतरत नाही. नोकरीच्या मुलाखतीत अशा गुणांचा दाखला दिला जात असल्याने हा प्रश्न केवळ मानापुरता उरत नाही.

मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. तेथील लेखन, संपादन व प्रचालन ही कामे विनामूल्य केली जातात. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने तसे जाहीर करावे, असा नियम विकिमीडिया प्रतिष्ठानने २०१४ मध्ये सर्व विकिपीडियांसाठी केला. २०१८ मध्ये भारतीय भाषांतील विकिपीडियांसाठी गूगलच्या सहकार्याने राबवलेल्या प्रोजेक्ट टायगर या उपक्रमात मराठीचाही समावेश होता. त्यात निवडक संपादकांना लॅपटॉप आणि इंटरनेटचा खर्च देण्यात आला, तसेच लेखनस्पर्धा घेऊन बक्षिसे ठेवण्यात आली. यातील पहिला भाग साधनांचा व दुसरा बक्षिसांचा आहे, हा भेद महत्त्वाचा ठरतो. साधन दिल्याने ज्याच्यापाशी संगणक नाही त्यालाही काम करता येते. बक्षीस बहुधा ज्याच्यापाशी वेळ व साधने आधीच आहेत त्याच्याकडे जाते.

### लिपी आणि मोजमाप

लेखाची लांबी बाइटमध्ये मोजण्याचा प्रघात विकिपीडियावर आहे. यूटीएफ-८ पद्धतीत रोमन लिपीतील एक अक्षर १ बाइट घेते, तर देवनागरीतील प्रत्येक युनिकोड चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे असल्याने त्याचे १५ बाइट होतात. हाच शब्द रोमन लिपीत ७ अक्षरांत लिहिल्यास ७ बाइट होतात. 'क्षि' या एका जोडाक्षराचे १२ बाइट होतात. म्हणून निरनिराळ्या लिपींतील लेखनाची तुलना बाइटवर केल्यास ती फसवी ठरते. एकाच भाषेतही लांबीला बक्षीस दिल्यास पाल्हाळ वाढतो आणि नेमके लिहिणारा मागे पडतो.

### सामूहिक बक्षिसाचा नमुना

पानी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या काळात घेतलेली सत्यमेव जयते वॉटर कप ही स्पर्धा सॉफ्टवेअरशी संबंधित नसली, तरी स्वयंसेवी श्रमाच्या मूल्यमापनाचे मोठे उदाहरण म्हणून उपयुक्त आहे. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीन तालुके सहभागी होते. २०१७ मध्ये वाशिम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यासह ही संख्या ३० झाली. पहिल्या वर्षीचे ५० लाख रुपयांचे प्रथम पारितोषिक सातारा जिल्ह्यातील वेळू या गावाला मिळाले. श्रमदान व्यक्तींनी केले. बक्षीस मात्र गावाला मिळाले. त्यामुळे कोणी अधिक खोदले हा वाद गौण ठरला. शिवाय ज्या गावांना पारितोषिक मिळाले नाही, त्यांच्याकडेही पाणी अडवणारी कामे उरली. ज्या स्पर्धेत हरणाऱ्याच्या हातीही काही उरते, ती स्वयंसेवेला पोषक ठरते.

## न्याय्य पद्धतीची तत्त्वे

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात सामाईक साधनसंपत्ती टिकवणाऱ्या समुदायांची समान वैशिष्ट्ये नोंदवली. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नियमांची झळ ज्यांना बसते त्यांना ते बदलण्यात वाटा असावा, हे त्यांपैकी एक. तिच्या आणि वरील उदाहरणांच्या आधारे पुढील तत्त्वे मांडता येतात.

* कामाची पूर्ण यादी: उत्तरांबरोबर दुरुस्ती, मार्गदर्शन आणि स्वच्छता या कामांचीही नोंद व्हावी.
* दर्जाला प्राधान्य: संख्या, लांबी किंवा वेग यांपेक्षा उपयुक्तता मोजली जावी आणि जिथे आकडा अपुरा पडतो तिथे जाणत्या सदस्यांनी कारणासह निर्णय द्यावा.
* नवागतांसाठी वाट: अलीकडच्या काळातील कामाचे गुण स्वतंत्रपणे दाखवल्यास जुन्यांचे संचित कायम राहूनही नव्यांना स्थान मिळते.
* साधने आधी, बक्षिसे नंतर: उपलब्ध निधीतून प्रथम इंटरनेट, संगणक व प्रशिक्षण यांची उणीव भरून काढावी.
* तुटपुंजे पैसे टाळणे: द्यायचा तर श्रमाला साजेसा मोबदला द्यावा, अन्यथा मनापासून, कारण सांगून कृतज्ञता व्यक्त करावी.
* इतरांवर भार नको: एकाच्या बक्षिसामुळे दुसऱ्या स्वयंसेवकाचे काम वाढता कामा नये.
* संमती आणि नामनिर्देश: लेखनाचा नव्या हेतूने वापर करण्यापूर्वी समुदायाला विश्वासात घ्यावे आणि मूळ लेखकाचे नाव शक्य तेथे टिकवावे.

## मतभिन्नता

कोणतीही श्रेयपद्धती नसावी, असाही एक पक्ष आहे. हिशेब आला की इर्जिकीची सावड होते आणि सावडीची मजुरी, असा त्याचा सूर असतो. याउलट दुसऱ्या पक्षाच्या मते, ज्याचे पोट भरलेले आहे त्यालाच निरपेक्ष सेवा परवडते. श्रेय न देणारा समुदाय हळूहळू सुस्थितीतील लोकांपुरता उरतो. शिकणाऱ्या किंवा बेरोजगार तरुणाला आपल्या ज्ञानाचा लेखी पुरावा हवा असतो आणि तो मागण्यात गैर काही नाही.

या दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. उत्तर देणारा माणूस आपण होऊन आलेला असतो आणि आपण होऊन निघूनही जाऊ शकतो. पगारी कर्मचारी अन्याय झाल्यास दाद मागतो. स्वयंसेवक बहुधा तक्रार न करता लिहिणे थांबवतो. त्यामुळे श्रेयपद्धतीतील दोष तक्रारींतून कमी आणि अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नांतून अधिक कळतात.

## हे सुद्धा पाहा

* मराठी विकिपीडिया
* मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर
* क्रिएटिव्ह कॉमन्स
* युनिकोड
* श्रमदान